एल्डनची तीनशे बारा नावांची यादी

तज्ज्ञ माणसाचं एक बरं असतं. तो चुकला तरी त्याची खुर्ची जात नाही. खुर्ची जाते ती त्याचं ऐकणाऱ्याची, आणि एल्डन हागेनची खुर्ची त्या उन्हाळ्यात जायच्या बेतात होती.

खुर्ची म्हणजे खरीच, लोखंडी, घडीची, बसलं की कुरकुरणारी. विस्कॉन्सिनमधल्या एल्क प्रेअरी गावात चर्चच्या तळघरात अशा बारा खुर्च्या एका लांब टेबलाभोवती मांडलेल्या असत. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बारा मालक त्यांवर बसून अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या खेळाचे, देशभरातले खरे खेळाडू आपापल्या कागदी संघांत वाटून घेत. मग सप्टेंबरपासून दर रविवारी ते खेळाडू मैदानावर जे काही दिवे लावतील, त्याचे गुण ज्याच्या त्याच्या मालकाला. दर आठवड्याला एका मालकाची दुसऱ्याशी झुंज, आणि जानेवारीत हिशेब. मालकाने आपल्यातल्या काहींना खेळवायचं, बाकीच्यांना बाकावर बसवायचं, आणि गुण धरायचे ते खेळवलेल्यांचेच. तेवीस वर्षं हे चाललं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल, पण बाहेरच्यांना काय कळतंय.

या मंडळाचा नियम सतरा असा होता, की लागोपाठ तीन वर्षं शेवटून पहिला आलेल्या मालकाने खुर्ची सोडावी आणि ती प्रतीक्षायादीतल्या पहिल्या माणसाला मिळावी. एल्डन दोन वर्षं शेवटचा आला होता. आणि नियम सतरा लिहिला होता कुणी? खुद्द एल्डनने. एक खाटीक सभासद सभेला न येता नुसता हरत बसायचा, त्याला घालवायला. गाडी-परवाना कचेरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस तो, नियम लिहायला बसला की त्याच्या अंगात यायचं. तो खाटीक दुसऱ्याच वर्षी आपणहून फ्लोरिडाला गेला. नियम मात्र राहिला.

निवृत्त झाल्यापासून एल्डनचं जग आटलं होतं. बायको मार्लिस, टपालवाला आणि तळघरातली ही माणसं. बाकी गावात तो लोकांना हात करायचा, लोक त्याला हात करायचे, आणि तिथेच संपायचं. खुर्ची गेली तर आपण ऑगस्टच्या त्या शनिवारी काय करायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

दोन्ही वर्षं त्याने तज्ज्ञांच्या मासिकातली क्रमवारी अक्षरशः पाळली होती. मासिकाने म्हणावं हा पहिला, की एल्डनने घ्यावा. जुलैत एक दिवस त्याने गेल्या वर्षीचं मासिक आणि गेल्या वर्षीचे खरे गुण शेजारी शेजारी ठेवले. मासिकाने चेंडू घेऊन धावणाऱ्यांतले जे बारा सर्वोत्तम सांगितले होते, त्यातले चारच खऱ्या बारांत होते.

"बारात आठ नापास," तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला. "मी कचेरीत बारात आठ परवाने चुकीचे दिले असते तर?"

"तर गावात गर्दी कमी असती," मार्लिस म्हणाली. तिच्या मांडीवर गोधडी होती आणि रेडिओवर सरावसामन्याचं वर्णन चाललं होतं. मार्लिस तीस वर्षं दर रविवारी शिवणकामाच्या खोलीत रेडिओ लावून बसायची. शिवणयंत्राच्या आवाजाला सोबत म्हणून लावत असेल, असं एल्डनला वाटायचं. विचारलं कधी नव्हतं.

"यंदा मी माझी स्वतःची यादी करणार. कुणाही तज्ज्ञाचं ऐकणार नाही."

"कर की," ती म्हणाली आणि दोरा तोडला.

इथवर सगळं ठीक होतं. पण एल्डनने ही गोष्ट कुंपणापाशी शेजारच्या ड्वेन कोपेकीला सांगितली. ड्वेनला सांगणं म्हणजे फळ्यावर लिहिणं. ड्वेन मंडळातलाच, त्या मासिकाचा निष्ठावंत वर्गणीदार, सकाळ-संध्याकाळ पोथीसारखं वाचायचा.

"अरे, ती माणसं पोटासाठी हेच करतात," ड्वेन म्हणाला. "तू काय बघणार जे त्यांना दिसत नाही?"

"ते बघतात कुठे? ते एकमेकांचं बघून लिहितात."

"बरं बाबा. मग एक तरी बघ. ज्यांना नुकतं मूल झालंय त्यांना घेऊ नकोस. माझा धाकटा झाला तेव्हा मी वर्षभर झोपलो नव्हतो. मी काय पळणार होतो?"

एल्डनला हे पटलं. तज्ज्ञांचं ऐकायचं नाही असं ठरलं होतं, शेजाऱ्यांचं नाही असं ठरलं नव्हतं. त्याने यादीत तान्ह्या बाळांचा रकाना काढला. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातला रेड, तोही मंडळातलाच, म्हणाला की खऱ्या गवतावर खेळणारे आणि प्लास्टिकच्या गवतावर खेळणारे वेगळे मोजायला हवेत, गुडघ्यांचा प्रश्न असतो. झाला दुसरा रकाना. दाताचे डॉक्टर नोव्होटनी यांनी एल्डनच्या तोंडात दोन्ही हात घालून अर्धा तास समजावलं, की जो खेळाडू दात वाचवायला तोंडात धरलेलं रबर सारखं चावतो तो आतून घाबरलेला असतो. एल्डनला आक्षेप घ्यायचा होता, पण तोंड त्याच्या ताब्यात नव्हतं. ऑगस्ट उजाडेपर्यंत रकाने अकरा झाले आणि नावं तीनशे बारा.

बाळांचा रकाना भरता भरेना. एल्डन पडला कचेरीतला माणूस. त्याने बत्तीसही संघांच्या कार्यालयांना रीतसर पत्रं पाठवली, की आपल्या खेळाडूंच्या एक वर्षाखालील अपत्यांची संख्या व जन्मतारखा कृपया कळवाव्यात. एकतीस संघांनी उत्तर दिलं नाही. बत्तिसाव्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला.

"मिस्टर हागेन, आमच्या खेळाडूंच्या बाळांची माहिती तुम्हाला नेमकी कशासाठी हवीय?"

"क्रमवारीसाठी," एल्डन म्हणाला. पलीकडून चौकशी सुरू झाली. मग तो आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि पूर्वी कधी अटक झाली होती का, हे सांगत असताना मार्लिसने त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"तो निवृत्त झालाय हो," ती म्हणाली.

"अच्छा," अधिकारी म्हणाला. "माझे वडीलही झालेत." आणि त्याने सहानुभूतीने फोन ठेवला.

खेळाडू निवडायच्या आदल्या रात्री एल्डन मुलीने दिलेल्या संगणकासमोर बसला. डावीकडे तीनशे बारा नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने, उजव्या टोकाला अकरा रकान्यांची बेरीज. आता फक्त मोठी बेरीज वर, छोटी खाली, एवढंच करायचं होतं. त्याने बेरजेचा रकाना निवडला आणि कळ दाबली. संगणकाने अदबीने विचारलं, शेजारचे रकानेही सोबत हलवू का? महिनाभर सल्ले ऐकून एल्डनचे कान किटले होते. आता हा डबडाही सल्ला द्यायला लागला. त्याने ठामपणे ‘नको’ दाबलं.

आकडे झरझर वरखाली झाले. नावं जागची हलली नाहीत. पहिल्या क्रमांकाच्या गुणांशेजारी नाव होतं ॲबरनॅथी. गेलं वर्षभर राखीव बाकावर बसून पाणी प्यायलेला पोरगा. कुठल्याही मासिकात त्याचं नाव नव्हतं. एल्डनच्या अंगावर काटा आला. एवढे पगार घेणाऱ्या तज्ज्ञांना जे रत्न दिसलं नाही, ते एका परवाना कारकुनाला स्वयंपाकघरात बसून सापडलं होतं. त्याने यादी छापली, घडी घातली आणि खिशावर हात ठेवून झोपला.

शनिवारी तळघरात पहिली पाळी एल्डनची होती. भिंतीवर मोठा तक्ता लावलेला, प्रत्येक खेळाडूच्या नावाची छापील चिकटपट्टी, आणि विचार करायला नव्वद सेकंद, चर्चच्या स्वयंपाकघरातल्या अंडी उकडायच्या घड्याळावर. एल्डन उठला, घसा खाकरला आणि सांगून टाकलं की यंदा आपण फक्त स्वतःच्या यादीवरून घेणार, दुसरा कागद सोबत आणलेलाच नाही.

"ॲबरनॅथी," तो म्हणाला.

"कोण?" ड्वेन म्हणाला.

मंडळाचे आयुक्त व्हर्लिन ऑस्टबी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी चष्मा सारखा करून पट्ट्यांचा गठ्ठा दोनदा चाळला. ॲबरनॅथी नावाची पट्टीच छापलेली नव्हती. नियम अकराप्रमाणे खेळाडू अजून नोकरीत आहे याची खात्री करणं आयुक्तांचं काम, म्हणून त्यांनी फोन लावून कुणाकुणाला विचारलं. वीस मिनिटांनी कळलं की आहे, नोकरीत आहे. मग कोऱ्या पट्टीवर पेनाने नाव लिहून ती चिकटवण्यात आली. नियम अकरा कुणी लिहिला होता, ते सांगायला नको.

दुसऱ्या फेरीला एल्डनने ॲकरमन घेतला. तिसऱ्या फेरीला ॲडकॉक घेतला तेव्हा रेड खुर्चीतून पडता पडता वाचला, कारण ॲडकॉक हा चेंडूला नुसती लाथ मारणारा किकर होता, आणि किकर शहाणा माणूस अगदी शेवटच्या फेरीत घेतो. चौथ्या फेरीला एल्डन "ऑलगुड" म्हणाला, आणि तळघरात हळूहळू खसखस पिकायला लागली.

"एल्डन," ड्वेन म्हणाला, "संघ निवडतोयस की हजेरी घेतोयस?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्याने घडी उलगडून यादी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. ती मुळाक्षरांच्या क्रमाने होती. अख्खी. शेवटी झेलेन्का. महिन्याभराची मेहनत, बत्तीस पत्रं, दोन दातांतला ठणका, आणि हातात उरली ती टेलिफोनची डायरी.

एखाद्याने हसून कबूल केलं असतं. त्या अकरांपैकी कुणीही त्याला आपलं मासिक उघडून दिलं असतं, ड्वेनने तर पानाला खूण करून दिलं असतं. पण दुसरा कागद आणलेला नाही, हे एल्डन सगळ्यांदेखत बोलून बसला होता. माणसाने हात दाखवून अवलक्षण करावं, तर ते असं. त्याने मान ताठ ठेवली आणि पुढच्या फेरीला आर्बकलचं नाव घेतलं. संध्याकाळी त्याच्या पंधरा खेळाडूंपैकी अकरांची नावं इंग्रजी ‘ए’ने सुरू होत होती आणि चौघांची ‘बी’ने.

घरी मार्लिसने संघाचा कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"एकाच घरातले का रे हे सगळे?" तिने विचारलं. एल्डन वाकून बुटांच्या नाड्या सोडत बसला. तिने पुढे विचारलं नाही, आणि त्या न विचारण्याबद्दल त्याला तेव्हाही तिचे उपकार वाटले.

आता गंमत ऐका. मुळाक्षरं सगळीच वाईट निघाली नाहीत. ऑलगुडच्या जागी खेळणारा खेळाडू दुखापतीने घरी बसला आणि ऑलगुड चमकायला लागला. ॲशबी नावाचा एक काटकुळा कधीमधी चेंडू झेलून जायचा. एल्डनने पाच झुंजी जिंकल्या. आणि ड्वेन, ज्याने मासिकाची एक ओळ ओलांडली नव्हती, त्याच्या पहिल्या दोन खेळाडूंचे गुडघे ऑक्टोबरात गेले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ड्वेनच्याही पाचच झुंजी जिंकून झाल्या होत्या. तज्ज्ञ आणि टेलिफोनची डायरी बरोबरीत होते. शेवटची झुंज या दोघांचीच होती, आणि हरेल तो तळाला.

त्या रविवारी न्याहारीला मार्लिस म्हणाली, "ॲबरनॅथीला बसव. ॲशबीला खेळव."

"का?"

"ॲबरनॅथीला आज वारं तोंडावर आहे. आणि तो डावा पाय वाचवून धावतोय तीन आठवडे. समालोचक म्हणतो, ताजातवाना दिसतोय. पण वर्णन नीट ऐकलं तर प्रत्येक वेळी उजवीकडेच वळतो."

एल्डनने तिच्याकडे पाहिलं. रेडिओवरून कुणाचा पाय दिसतो, हे त्याला खरं वाटेना. शिवाय ॲबरनॅथी त्याच्या यादीत पहिला होता. यादी खोटी होती हे त्याला स्वतःला ठाऊक होतं, पण चार महिने ती खरी म्हणून मिरवल्यावर शेवटच्या दिवशी तिचा हात सोडायचा कसा?

"ॲबरनॅथीच खेळेल," तो म्हणाला.

"बरं," मार्लिस म्हणाली आणि त्याच्या कपात कॉफी ओतली.

ॲबरनॅथी सात वेळा उजवीकडे वळला, सातही वेळा वाऱ्याने आणि समोरच्या धिप्पाड माणसांनी त्याला जमिनीवर झोपवलं. एल्डनच्या बाकावर बसलेल्या ॲशबीने एकोणीस गुण मिळवले, ते कुणाच्याच कामाचे नव्हते. एल्डन दोन पूर्णांक चार गुणांनी हरला. शिवणाच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. मार्लिस बाहेर आली, ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाली नाही, आणि सूप गरम करायला ठेवलं.

थोड्या वेळाने दारात ड्वेन उभा. बर्फाने भरलेले बूट, हातात भट्टीत भाजलेल्या बटाट्यांचा भलामोठा ट्रे. आमच्याकडे माणूस जिंकला की हरलेल्याकडे जेवण घेऊन जातो, तोंडाने बोलणं जमत नाही म्हणून.

"मी काही केलं नाही रे," ड्वेन बुटांकडे बघत म्हणाला. "मासिकाने केलं."

"छान खेळलं मासिक," एल्डन म्हणाला. दोघं बर्फाबद्दल दहा मिनिटं बोलले. ट्रे पाचजणांना पुरला असता.

जानेवारीतल्या पहिल्या शनिवारी दुपारी वार्षिक सभा भरली. एल्डन लवकर येऊन आपल्या खुर्चीवर बसला. ती नेहमीसारखी कुरकुरली. व्हर्लिननी निकाल वाचले आणि नियम सतरापाशी येऊन थांबले. सगळे कॉफीत बघायला लागले.

"मी दुरुस्ती सुचवतो," ड्वेन म्हणाला. "तीन वर्षांच्या जागी चार."

"माझं अनुमोदन," रेड म्हणाला. "मी तर म्हणतो, नियमच काढून टाका."

एल्डनचे डोळे भरून आले. याच माणसांनी त्याची हजेरी घेऊन टिंगल केली होती, आणि हीच आता त्याच्यासाठी नियम मोडायला बसली होती. तो उभा राहिला.

"दुरुस्ती तीस दिवस आधी लेखी द्यावी लागते," तो म्हणाला. "नियम चार."

"तोही तूच लिहिलाय ना?" ड्वेन म्हणाला.

"हो. सगळे मीच लिहिलेत, एकेक स्वल्पविराम माझा आहे. माझ्यासाठी तो हलवायचा नाही." मग त्याचा आवाज जरा चिरकला. "पण तुम्ही हलवायला निघालात ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. लिफाफा उघडा, व्हर्लिन."

प्रतीक्षायादी बंद लिफाफ्यात असायची, आयुक्तांशिवाय कुणी पाहायची नाही, म्हणजे कुणाला संकोच नको. नियम अठरा. व्हर्लिननी लिफाफा फोडला. मात्र त्यांच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं, उलट खूप दिवस पोटात ठेवलेली गोष्ट आता बाहेर काढायला मिळाल्याचं समाधान होतं.

"पहिलं नाव," ते म्हणाले, "मार्लिस हागेन. अर्ज नऊ वर्षांपूर्वीचा."

तळघराच्या स्वयंपाकघरात सभेसाठी लिंबाच्या वड्या कापल्या जात होत्या. सुरीचा आवाज थांबला. मार्लिस एप्रनला हात पुसत दारात आली.

"नऊ वर्षं?" एल्डन म्हणाला. "बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आणि मला तुझी खुर्ची नको होती रे. दुसरं कुणीतरी फ्लोरिडाला जाईल म्हणून वाट बघत होते."

एल्डनला तीस वर्षांचे रविवार आठवले. तो बाहेरच्या खोलीत मासिकं चाळत होता, आणि भिंतीपलीकडे ही बाई गोधडी शिवता शिवता ऐकून माणसाचा पाय ओळखत होती. काखेत कळसा असून त्याने गावाला वळसा घातला होता, तोही बत्तीस पत्रं पाठवून. त्याला लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ आभाळाएवढी कृतज्ञता वाटली. खुर्ची घराबाहेर गेली नव्हती. जिची व्हायला हवी होती तिची झाली होती. त्याने खुर्ची रुमालाने पुसली आणि मागे ओढून धरली. मार्लिस बसली. खुर्ची कुरकुरली नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

एल्डनने कोट उचलला.

"कुठे निघालास?" मार्लिस म्हणाली. "व्हर्लिन, नियम नऊ वाचा बरं."

व्हर्लिननी वाचला. प्रत्येक मालकास निवडीच्या दिवशी एक मदतनीस सोबत आणता येईल. व्हर्लिनना मोतीबिंदू झाला होता तेव्हा एल्डनने त्यांच्यासाठीच तो लिहिला होता.

"मला पट्ट्या चिकटवायला माणूस लागेल," मार्लिस म्हणाली. "हात त्या तक्त्यावर वरपर्यंत पुरत नाही."

ड्वेनने भिंतीशी टेकलेली तेरावी घडीची खुर्ची उघडून ठेवली.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मार्लिस कागद न घेता आली. एल्डनच्या खिशात सवयीने एक नवी यादी होती, यंदा सगळे रकाने सोबत हलवलेली. पहिली पाळी तिची आली. अंड्यांचं घड्याळ टिकटिकत होतं आणि अकरा मालक माना पुढे काढून बसले होते.

"झेलेन्का," मार्लिस म्हणाली.

"आता शेवटापासून हजेरी का?" ड्वेन म्हणाला.

झेलेन्का एल्डनच्या नव्या यादीत दोनशे सत्याण्णवावा होता. पुढे त्या पोराने काय दिवे लावले ते एल्क प्रेअरीत कुणालाही विचारा. पण त्या क्षणी एल्डनला ते ठाऊक नव्हतं, आणि कळण्याची त्याला गरजही वाटली नाही. छापील पट्टी नव्हतीच. त्याने कोरी पट्टी घेतली, सुवाच्य अक्षरात नाव लिहिलं, आणि ती पहिल्या रांगेत अगदी सरळ रेषेत चिकटवली. मग खिशातली यादी काढून आपल्या डुलणाऱ्या तेराव्या खुर्चीच्या आखूड पायाखाली दोन घड्या घालून सरकवली, आणि निवांत बसला.